आधी कारण, मग उपचार : खान्देशातल्या केसगळतीविषयी

डिसेंबर २०२४ मध्ये शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांमधून एक चमत्कारिक तक्रार येऊ लागली. आधी डोके खाजायचे, मग केस राठ व्हायचे, नुसता हात फिरवला तरी पुंजका हातात यायचा आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी टक्कल पडलेले असायचे. म्हातारी माणसे होती, शाळकरी मुले होती, कॉलेजात जाणाऱ्या मुली होत्या. जानेवारी २०२५ पर्यंत बुलढाणा जिल्ह्यातल्या १८ गावांत असे २७९ रुग्ण नोंदले गेले. कुणी लाजेने घराबाहेर पडेना, कुणी उरलेले केसही वस्तऱ्याने काढून टाकले. काही घरांत ठरत आलेली लग्ने अडली.

शेगाव काही खान्देशात नाही. पण भुसावळहून नागपूरच्या गाडीत बसले की सुमारे शंभर किलोमीटरवर शेगाव येते. गजानन महाराजांच्या दर्शनाला जळगाव-धुळ्याची माणसे तिथे कायम जातात, आणि रावेर-यावलच्या लेवा समाजातल्या घरांचे सोयरसंबंध मलकापूर-नांदुऱ्यापर्यंत पोचलेले आहेत. त्यामुळे त्या महिन्यात खान्देशातल्या घराघरांत एकच प्रश्न होता : हे आपल्याकडे तर येणार नाही ना?

गावात पहिला संशय शाम्पूवर गेला, दुसरा पाण्यावर. पाण्याचे नमुने तपासले तेव्हा काही ठिकाणी नायट्रेट प्रमाणाबाहेर निघाले, पण तेवढ्याने चार दिवसांत टक्कल पडत नाही. त्वचारोगतज्ज्ञांनी बुरशीची शंका घेतली, डोक्याच्या कातडीचे नमुने प्रयोगशाळेत पाठवले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची पथके आली. मग महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर तिथे पोचले. विंचूदंशावरच्या कामामुळे महाराष्ट्राला ठाऊक असलेले आणि २०२२ मध्ये पद्मश्री मिळालेले हे डॉक्टर. त्यांनी लोकांच्या डोक्याइतकेच त्यांच्या पिठाच्या डब्याकडे लक्ष दिले. रेशन दुकानातून मिळालेला गहू पंजाबकडून आलेला होता, आणि त्यांच्या तपासणीनुसार त्यात स्थानिक गव्हाच्या सुमारे ६०० पट सेलेनियम होते. रुग्णांच्या रक्तात सेलेनियम ३५ पट, लघवीत ६० पट आणि केसांत १५० पट वाढलेले आढळले. जस्त मात्र बरेच कमी होते.

सेलेनियम शरीराला लागते, पण अगदी कणभर. रासायनिक गुणांनी ते गंधकाच्या जवळचे. केस आणि नखे ज्या प्रथिनाची बनतात त्याची बळकटी गंधकाच्या बंधांवर उभी असते. सेलेनियम फार झाले की ते गंधकाची जागा घेते, बंध कच्चे राहतात आणि केस तुटून पडतात. शेगावच्या काही रुग्णांची नखे पुढच्या काही महिन्यांत वेडीवाकडी होऊन गळू लागली, तीही याच ओळीत बसणारी गोष्ट. चीनच्या हुबेई प्रांतातल्या एन्शी भागात १९६०च्या दशकात असेच घडले होते. अमेरिकेत २००८ मध्ये एका पूरक आहाराच्या द्रवात चुकून सेलेनियमचे प्रमाण कैक पटींनी जास्त पडले, तेव्हा दोनशेच्या वर माणसांना केसगळतीसह विषबाधा झाली. शिवालिकच्या पायथ्याशी पंजाबात सेलेनियमयुक्त जमिनीचे पट्टे आहेत, हे तर कृषिशास्त्रज्ञांना फार आधीपासून माहीत आहे.

मग शेगावात उपचार काय ठरला? तो गहू खाणे थांबवणे. ज्यांनी थांबवला त्यांच्यापैकी काहींच्या डोक्यावर पाच-सहा आठवड्यांत पुन्हा केस दिसू लागले. त्या काळात कुणी माक्याचे तेल लावत असेल, कुणी कांद्याचा रस चोळत असेल, आणि आपले केस त्यानेच आले असे मनापासून मानतही असेल. गव्हाचा शोध लागला नसता तर त्या तेलाच्या बाटल्या आज गावोगाव विकल्या गेल्या असत्या.

केसगळतीच्या उपचारांची ओळख करून देणाऱ्या या प्रस्तावनेत शेगावला पहिले स्थान आहे ते याचसाठी. पुढच्या पानांत एकेका औषधाची, इंजेक्शनची, शस्त्रक्रियेची माहिती येईल. त्याआधी एक गोष्ट वाचकाच्या मनात पक्की व्हायला हवी : केस जाण्याची कारणे डझनभर आहेत, प्रत्येकाचा उपचार वेगळा आहे, आणि त्यांपैकी काही कारणांत केस आपले आपण परत येतात. या तिसऱ्या गोष्टीने जेवढा घोटाळा केला आहे तेवढा दुसऱ्या कशानेच केलेला नाही.

जळगावच्या गोलाणी मार्केटपासून धुळ्याच्या पाचकंदीलपर्यंत आणि चोपडा-शिरपूरच्या आठवडे बाजारापर्यंत केसांसाठी काही ना काही मिळतेच. केस जायला लागले की माणूस आधी मेडिकलमध्ये जातो, मग शेजारणीने सांगितलेले तेल आणतो, मग मोबाइलवर पाहिलेले मागवतो, आणि सगळे करून थकल्यावर वर्ष-दीड वर्षाने त्वचारोगतज्ज्ञाच्या दारात उभा राहतो. तोवर काही आजारांत वेळ निघून गेलेली असते. या लोकांना नावे ठेवण्याचे कारण नाही. केस गेल्याचे दुःख खरे असते. बघण्याच्या कार्यक्रमाला डोक्यावरून पदर घेऊन बसलेली मुलगी किंवा पुण्यात नोकरी लागूनही स्थळे परत जाणारा मुलगा, यांना ‘केसांचे काय एवढे’ असे म्हणणे निर्दयपणाचे आहे. घाबरलेला माणूस जवळचा उपाय धरतो. म्हणून योग्य माहिती त्याच्या जवळ नेली पाहिजे.

केस कसा जगतो हे आधी पाहू. माणसाच्या डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. प्रत्येकाचे मूळ जन्माआधीच तयार झालेले असते. पुढे आयुष्यात नवे मूळ तयार होत नाही. एक केस दोन ते सहा वर्षे वाढतो, महिन्याला साधारण एक सेंटिमीटर. मग दोन-तीन आठवडे त्याची वाढ आवरती होते, सुमारे तीन महिने तो मुळाशी नुसता विसावलेला असतो आणि गळतो. त्याच मुळातून नवा केस येतो. निरोगी डोक्यावर दर शंभरातले ८५ ते ९० केस वाढीच्या अवस्थेत असतात. रोज पन्नास ते शंभर केस गळणे हे तब्येत ठीक असल्याचेच लक्षण. ज्या बाईचे केस कमरेपर्यंत आहेत तिला तेवढे केस कंगव्यात पाहून धडकी भरते, इतकेच.

शरीराला मोठा धक्का बसला की वाढीतले पुष्कळ केस एकदम विसाव्याच्या अवस्थेत जातात. ते लगेच गळत नाहीत, दोन-तीन महिन्यांनी गळतात. या अंतरामुळे खान्देशात दरवर्षी एक गफलत होते. पावसाळा सरता सरता डेंग्यू, टायफॉईड, मलेरियाचे तापवाले रुग्ण दवाखान्यांत भरतात. ताप उतरतो, माणूस कामाला लागतो, विसरूनही जातो. दिवाळीनंतर, ऐन लग्नसराईच्या तोंडावर, केस मुठीने जायला लागतात. तापाची आठवण कुणालाच येत नाही. दोष जातो थंडीला, नव्या साबणाला किंवा महिन्यापूर्वी बदललेल्या तेलाला. २०२१च्या कोरोना लाटेनंतर हेच मोठ्या प्रमाणावर झाले. बाळंतपणानंतर तीन-चार महिन्यांनी बाळंतिणीचे केस जातात तेही याच मार्गाने, आणि ‘बाळ हसायला लागले की आईचे केस जातात’ म्हणणाऱ्या आज्यांचे निरीक्षण त्या बाबतीत अगदी अचूक आहे.

ही गळती भयंकर दिसते, पण बहुतेकदा सहा महिन्यांत आपोआप थांबते आणि केस परत भरतात. उपचार म्हणजे नीट जेवण, धीर, आणि मूळ कारण अजून चालू आहे का याची तपासणी. नेमक्या याच काळात लावलेले तेल, खाल्लेली गोळी, बांधलेला गंडा यांना सगळे श्रेय मिळते. एका घरात एकीला गुण आला की गल्लीत दहा बाटल्या जातात. त्या दहांतल्या तिघींचे कारण वेगळे असते. थायरॉईड असते, रक्त कमी असते, अंडाशयाची तक्रार असते. त्यांना गुण येत नाही. त्या समजतात, आपलेच नशीब.

रक्त कमी असण्याबद्दल थोडे थांबून बोलले पाहिजे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. निम्म्याहून अधिक. कापूस वेचणारी, केळीच्या बागेत राबणारी, घरी सगळ्यांचे झाल्यावर उरलेले जेवणारी बाई केस गळतात म्हणून येते तेव्हा तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहणे हा उपचाराचा पहिला भाग असतो. हिमोग्लोबिन ठीक दिसले तरी शरीरातला लोहाचा साठा, जो फेरिटिनच्या तपासणीत कळतो, तो रिकामा असू शकतो. पाळीचा रक्तस्राव फार होतो का, पोटात जंत आहेत का, हेही विचारावे लागते. हे विचारणारा कुणी भेटला नाही तर ती बाई महिन्याला दोनशे-तीनशे रुपये तेलावर घालत राहते. त्या पैशांत लोहाच्या गोळ्या, डाळ, गूळ-शेंगदाणे आणि दोन-तीन महिन्यांनी एक फेरतपासणी सहज बसते. सातपुड्याच्या पायथ्याशी, पावरा-भिल्ल वस्त्यांत, आणखी एक पथ्य आहे : तिथे सिकलसेल आढळतो आणि त्यातला रक्तक्षय लोहाच्या कमतरतेचाच असतो असे नाही. म्हणून आधी ती तपासणी, मग गोळ्या.

लग्नाआधी वजन उतरवायला उपाशी राहणाऱ्या मुली, प्रथिने जेमतेम पोटात जाणारी वसतिगृहातली मुले, यांचेही केस असेच जातात. बायोटिनच्या गोळ्या मात्र सरसकट सगळेच घेतात. बायोटिनची खरी कमतरता क्वचित असते. ती नसताना गोळीचा उपयोग फारसा होत नाही, उलट रक्ततपासण्या चुकू शकतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१७ मध्येच इशारा दिला आहे की जास्त बायोटिन घेणाऱ्यांच्या थायरॉईडच्या आणि हृदयविकाराच्या काही चाचण्या खोट्या येऊ शकतात. केस गळतात म्हणून बायोटिन घ्यायचे आणि त्यानेच थायरॉईडचा रिपोर्ट बिघडवायचा, असे होऊ नये. तपासणीआधी डॉक्टरांना गोळी सांगावी.

आता पाण्याचा प्रश्न. खान्देशात केसांचा विषय निघाला की पाच मिनिटांत तो बोअरच्या जड पाण्यावर येतो. बादलीला पांढरा थर धरतो, साबणाला फेस येत नाही, तर केसांचे काय होत असेल? क्षारांनी केस राठ होतात, गुंततात, विंचरताना तुटतात, हे खरे. पण तुटणे वेगळे आणि मुळापासून गळणे वेगळे. गळलेल्या केसाच्या एका टोकाला पांढरी बारीक गाठ दिसते, तुटलेल्याला ती नसते. उजेडात दहा-वीस केस निरखले की कुणालाही फरक कळतो. जड पाण्याने टक्कल पडते याचा विश्वसनीय पुरावा नाही. शेवटचा तांब्या गोड्या पाण्याचा घेतला, केसांना कंडिशनर लावले, तर राठपणा कमी होतो. हेल्मेटचा आळही असाच बिनबुडाचा आहे. उन्हाळ्यात ४५ अंशांवर जाणाऱ्या भुसावळात हेल्मेटखाली घाम येतो, कोंडा वाढतो, पण टक्कल पडत नाही, आणि त्या भीतीने हेल्मेट काढणे जिवावर बेतू शकते.

डोक्यावर अचानक रुपयाएवढा गुळगुळीत चट्टा पडतो त्याला आपल्याकडे चाई म्हणतात. कीड केस खाते असा समज आहे. त्यावर लसूण घासतात, कांदा चोळतात, कुठे गुंज उगाळून लावतात. खरे तर यात शरीराची संरक्षक यंत्रणाच चुकून केसाच्या मुळांवर हल्ला करते. मूळ मरत नाही, गप्प बसते. एखाददुसरा चट्टा असलेल्या पुष्कळ जणांचे केस वर्षभरात कशाशिवायही येतात, आणि लसणाची कीर्ती त्यावर उभी आहे. कांद्याच्या रसावर इराकमध्ये झालेला एक छोटा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात काही गुण दिसला, पण तेवढ्यावर वैद्यक चालत नाही. शिवाय कोवळ्या कातडीवर लसूण घासून भाजल्यासारखी जखम झालेली मुले दवाखान्यात येतात. चट्टे वाढत असतील तर दर चार-सहा आठवड्यांनी चट्ट्यातच स्टेरॉइडची बारीक इंजेक्शने देतात. त्यांचा अनुभव चांगला आहे. सगळे डोके, भुवया, पापण्याही गेलेल्यांसाठी आता नवा मार्ग निघाला आहे : बॅरिसिटिनिब हे संधिवाताचे औषध जून २०२२ मध्ये अमेरिकेत तीव्र चाईसाठी मंजूर झाले. दशकानुदशके ज्यांना ‘काही होणार नाही’ असे सांगितले जायचे त्यांच्यापैकी काहींच्या डोक्यावर त्याने केस आले. अर्थात क्षयाची तपासणी केल्याशिवाय ते सुरू करत नाहीत, आणि देखरेखीशिवाय घेत नाहीत.

लहान मुलांच्या डोक्यावर खवले, तुटके केस, कधी पुवाची गाठ दिसली तर ती बहुधा बुरशी असते. आश्रमशाळा, वसतिगृहे, एकच कंगवा चार जणांत, असे जिथे असते तिथे ती पसरते. नुसत्या मलमाने ती जात नाही, काही आठवडे पोटातून औषध द्यावे लागते. दुर्लक्ष केले तर तिथे व्रण राहतो आणि मग केस कधीच येत नाहीत. व्रण ठेवून जाणारे आणखीही काही आजार आहेत. डोक्याची कातडी लाल, दुखरी, चकचकीत होत असेल तर आठवडाही दवडू नये.

उरला तो सर्वांत मोठा गट. पुरुषांत कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांतून आणि भोवऱ्यापाशी, बायकांत भांगाच्या रेषेपासून रुंद होत जाणारे वंशपरंपरेचे विरळपण. त्याचे मूळ पुरुषी संप्रेरकात आहे हे अमेरिकेच्या जेम्स हॅमिल्टन यांनी १९४२ मध्ये दाखवले. वयात येण्याआधी अंडकोष गमावलेल्या पुरुषांना टक्कल पडत नाही, आणि घराण्यात टक्कल असलेल्यांना बाहेरून टेस्टोस्टेरॉन दिले की पडू लागते. पुढचा धागा सापडला डॉमिनिकन प्रजासत्ताकातल्या सालिनास नावाच्या गावात. तिथल्या काही घरांत मुली म्हणून वाढलेली मुले वयात येताना पुरुष होत. ज्युलियन इम्पेराटो-मॅकगिन्ली आणि सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये कारण सांगितले : टेस्टोस्टेरॉनचे आणखी तीव्र रूप, म्हणजे डीएचटी, तयार करणारे विकर त्यांच्यात नव्हते. या पुरुषांचे प्रोस्टेट लहान राहत होते आणि त्यांना टक्कल पडत नव्हते. त्या निरीक्षणातून फिनास्टेराइड जन्माला आले. १९९२ मध्ये प्रोस्टेटसाठी पाच मिलिग्रॅम, १९९७ च्या डिसेंबरात केसांसाठी एक मिलिग्रॅम.

दुसरे औषध मिनॉक्सिडिल. ते आले रक्तदाबासाठी, १९७९ मध्ये. गोळी घेणाऱ्या रुग्णांच्या कपाळावर, गालांवर, हातांवर केस वाढू लागले. ती तक्रार ऐकून कुणीतरी उलटा विचार केला, आणि १९८८ मध्ये डोक्याला लावायचे दोन टक्क्यांचे मिनॉक्सिडिल अमेरिकेत पुरुषांसाठी मंजूर झाले, १९९१ मध्ये स्त्रियांसाठी. वंशपरंपरेच्या टकलावर भक्कम पुरावा असलेली औषधे आजही प्रामुख्याने हीच दोन.

यांच्याबद्दल विक्रेता जे सांगत नाही ते वाचकाने इथेच वाचावे. मिनॉक्सिडिल सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत केस जास्त गळतात. जुने, विसावलेले केस ढकलले जातात म्हणून. खान्देशात अर्ध्याअधिक बाटल्या याच टप्प्यावर कपाटात जात असाव्यात. गुण दिसायला चार ते सहा महिने लागतात. बंद केले तर मिळवलेले तीन-चार महिन्यांत जाते. ज्या भागात मुळेच नाहीशी झाली आहेत, कातडी तुळतुळीत झाली आहे, तिथे ते काही करत नाही. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी ते टाळावे. हल्ली त्वचारोगतज्ज्ञ अल्प मात्रेत त्याची गोळीही देतात. पायाला सूज, छातीत धडधड, अंगावर लव अशा गोष्टींवर लक्ष ठेवावे लागते, म्हणून मित्राच्या पाकिटातली गोळी घेऊ नये.

फिनास्टेराइडने थोड्या पुरुषांना कामेच्छा कमी होणे, ताठरता न येणे असे त्रास होतात. बहुतेकांचे औषध थांबवल्यावर जातात, काही जण ते टिकून राहिल्याचे सांगतात. युरोपच्या औषध नियामक संस्थेने २०२५ मध्ये आत्महत्येचे विचार हा या औषधाचा दुष्परिणाम म्हणून मान्य केला. नैराश्य असेल किंवा पूर्वी झालेले असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगितलेच पाहिजे. गर्भवतीने फुटलेल्या गोळीला हातही लावू नये, कारण पोटातल्या मुलाच्या जननेंद्रियांच्या वाढीत बिघाड होऊ शकतो. आणि पन्नाशीच्या पुढच्या पुरुषांसाठी एक फार महत्त्वाची गोष्ट : या औषधाने प्रोस्टेटच्या पीएसए चाचणीचा आकडा साधारण निम्म्यावर येतो. आपण केसांची गोळी घेतो हे तपासणाऱ्याला ठाऊक नसेल तर कर्करोगाची खूण नजरेतून सुटू शकते. एवढे सगळे सांगूनही हे औषध वाईट नाही. योग्य माणसाला, माहिती देऊन, देखरेखीखाली दिले तर त्याने पुष्कळांचे केस टिकले आहेत.

रक्तातल्या बिंबिका डोक्यात टोचण्याचा उपचार, म्हणजे पीआरपी, आता तालुक्याच्या गावांतही पोचला आहे. काही अभ्यासांत त्याचा गुण दिसतो, पण रक्त किती फिरवायचे, किती वेळा टोचायचे याची एकच सर्वमान्य पद्धत ठरलेली नाही. औषधांना जोड म्हणून त्याला जागा आहे, औषधांऐवजी नाही.

शेवटी केसरोपण. न्यूयॉर्कच्या नॉर्मन ऑरेंट्राइख यांनी १९५०च्या दशकात दाखवले की मागच्या बाजूचे केस पुढे लावले तरी ते मागच्यासारखेच टिकतात. मागच्या केसांना डीएचटी फारसे बाधत नाही. या शस्त्रक्रियेत नवे केस तयार होत नाहीत. वाफ्यातली मिरचीची रोपे शेतात लावावीत तसे हे आहे, वाफ्यात असतील तेवढीच शेतात येणार. मागची जागा एकदा उपसली की संपली. म्हणूनच बावीस वर्षांच्या मुलाला, ज्याचे टक्कल अजून कुठवर जाणार हे ठरलेले नाही, घाईने रोपण करून देणे चूक आहे. पुढची ओळ भरते, मागून टक्कल सरकत राहते, आणि तिशीत पुन्हा लावायला केस उरत नाहीत. चाई चालू असताना रोपण करत नाहीत. लावलेले केस पहिल्या महिन्यात गळतात, तीन-चार महिन्यांनी उगवू लागतात, खरे रूप दिसायला नऊ ते बारा महिने जातात, आणि आधीचे केस टिकवायला औषध चालूच ठेवावे लागते.

ही शस्त्रक्रिया आहे हे विसरून ती सलूनसारख्या जागेत, तंत्रज्ञांच्या हातून होऊ लागली तेव्हा जीव गेले. मार्च २०१९ मध्ये मुंबईत ४३ वर्षांच्या एका व्यावसायिकाचा मृत्यू झाला. त्याच्या डोक्यावर एका बैठकीत नऊ हजारांहून अधिक केस लावले होते. त्यानंतर दिल्ली आणि कानपूरहूनही मृत्यूच्या बातम्या आल्या. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये नियमावली काढली : केसरोपण रीतसर शल्य प्रशिक्षण घेतलेल्या डॉक्टरनेच करायचे, त्यात त्वचारोगतज्ज्ञ आणि प्लास्टिक सर्जन येतात. चार दिवसांची कार्यशाळा किंवा व्हिडिओ पाहून मिळवलेले ज्ञान पुरेसे नाही. जळगाव-धुळ्याच्या माणसाने नाशिक, पुणे, सुरत किंवा इंदूरला जाण्याआधी तीन प्रश्न विचारावेत. कातडीला छेद कोण देणार? भुलीचे औषध किती देणार आणि त्याची रिअॅक्शन आली तर प्राणवायू व तातडीचे साहित्य खोलीत आहे का? एका बैठकीत किती केस लावणार? उत्तर द्यायला जो टाळाटाळ करतो त्याच्याकडे डोके देऊ नये, मग तो हप्ते कितीही सोपे करून देवो.

कायद्याने या बाबतीत बरेच आधी बोलून ठेवले आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम, १९४५ यांच्या परिशिष्ट ‘जे’मध्ये अशा रोगांची यादी आहे जे बरे करण्याचा दावा कोणत्याही औषधाला वेष्टनावर करता येत नाही. त्या यादीत टक्कल आहे, आणि नवे केस उगवणेही आहे. तरीही मोबाइलच्या पडद्यावर रोज असे दावे होतात. मार्च २०२५ मध्ये पंजाबातल्या संगरूरला टकलावरच्या तेलाचे शिबिर भरले आणि साठहून अधिक लोक डोळ्यांच्या दाहाने रुग्णालयात गेले. अशी शिबिरे गावोगाव फिरतात. उद्या तसा तंबू अमळनेरला किंवा दोंडाईच्याला लागला तर रांग लागेल यात शंका नाही, म्हणून अन्न व औषध प्रशासनाने आणि पोलिसांनी तक्रारीची वाट न पाहता तिथे पोचले पाहिजे. माक्याचे, जास्वंदीचे, ब्राह्मीचे तेल लावायला हरकत कुणाचीच नाही. केस मऊ राहतात, चोळताना बरे वाटते. आजार बरा करण्याचे ओझे त्या तेलावर टाकू नये.

ज्यांचे केस यातल्या कशानेच येणार नाहीत, किंवा केमोथेरपी चालू असल्याने यायला वेळ आहे, त्यांच्यासाठी चांगला विग हाही उपचारच समजावा. तो लावणाऱ्या बाईकडे पाहून कुजबुजणाऱ्या समाजाने स्वतःला आवर घालावा.

धुळ्यात १९८८ पासूनचे श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, जळगावात २०१८ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. दोन्ही जिल्ह्यांत खासगी वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयेही आहेत. त्वचारोग विभागाच्या बाह्यरुग्ण खिडकीवर केसपेपर काढायला लागणारे पैसे तेलाच्या कोणत्याही बाटलीपेक्षा कमी आहेत. जाताना गेल्या सहा महिन्यांत आलेला ताप, झालेले बाळंतपण किंवा शस्त्रक्रिया, उतरवलेले वजन, चालू असलेल्या सगळ्या गोळ्या आणि पूर्वीचे रक्ताचे रिपोर्ट एका कागदावर लिहून न्यावेत. दोन वर्षांपूर्वीचा एखादा फोटोही न्यावा, म्हणजे केस किती आणि कुठून गेले ते डॉक्टरांना दिसते. डोक्याला तेल लावून जाऊ नये. आणि एकाच गावात, एकाच गल्लीत, चार-पाच जणांचे केस एकाच आठवड्यात जाऊ लागले, तर प्रत्येकाने वेगळा उपाय शोधत न बसता त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात कळवावे आणि घरातले पीठ, धान्य, पाणी तपासणीसाठी थोडे बाजूला काढून ठेवावे.